प्युनिक, पुणेरी आणि गनिमी

डाळिंबाचं शास्त्रीय नाव आहे प्युनिका ग्रॅनॅटम. त्यातला दुसरा शब्द सरळ आहे, दाण्यांनी भरलेलं. पहिला शब्द मात्र भानगडीचा आहे. आजचा विकांत त्या एका शब्दामागे गेला, तेव्हा हा लेख थोडा लांबणार हे आधीच सांगून ठेवतो.

मी मूळचा विट्याचा. विट्याहून आटपाडीकडे निघालात की डाळिंबाच्या बागा दिसायला लागतात. दुष्काळी पट्टा, पाणी कमी, त्यामुळे कमी पाण्यात तग धरणारं हे झाड इकडच्या लोकांनी जवळ केलं. गणेश, आरक्ता, भगवा अशी वाणांची नावं शाळकरी पोराला पण माहीत असतात आणि 'तेल्या' म्हटलं की घरातली मोठी माणसं गप्प होतात. आता यातला 'गणेश' हा वाण पुण्याच्या गणेशखिंडीतला. म्हणजे एक झाड एकाच वेळी पुणेरी आणि प्युनिक! हा निव्वळ योगायोग आहे, पुणेकरांनी लगेच फुशारून जाऊ नये. :-)

प्युनिक म्हणजे कार्थेजचं. कार्थेज हे आजच्या ट्युनिशियातलं, भूमध्य समुद्राच्या काठावरचं जुनं व्यापारी शहर. परंपरेनुसार इ.स.पू. ८१४ मध्ये आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहरातून गेलेल्या फिनिशियन लोकांनी ते वसवलं. त्यांच्या भाषेत नाव 'कार्त हदश्त', म्हणजे नवं शहर. आपल्याकडं 'नवी पेठ' असते तसंच. ग्रीक लोक या दर्यावर्दी व्यापाऱ्यांना 'फॉइनिक्स' म्हणत. हाच शब्द ग्रीकमध्ये जांभळट लाल रंगालाही होता, आणि असल्या रंगाचं कापड हा फिनिशियन लोकांचा खास माल. रोमन लोकांच्या तोंडी त्याचं 'पोएनस' झालं आणि त्यावरून विशेषण 'प्युनिकस'.

डाळिंब काही कार्थेजचं नव्हे, ते मूळचं इराणच्या बाजूचं. पण रोमन लोकांना ते मिळालं कार्थेजकडून, म्हणून ते 'प्युनिक सफरचंद' म्हणायला लागले. पुढे १७५३ मध्ये लिनियसने झाडांना रीतसर दोन-दोन शब्दांची नावं दिली, त्यात हा शब्द कायमचा चिकटला. यात विशेष काही नाही. आपण मोसंबीला मोझांबिकचं नाव दिलंय, आणि मेक्सिकोकडून आलेल्या चिंचेला 'विलायती' म्हणतो. ज्याच्या हातून माल मिळाला त्याचं नाव मालाला. बाजाराचा हिशोब साधा असतो.

पण याच विशेषणाचा दुसरा अर्थ शब्दकोशात बघा. इंग्रजीचा कुठलाही मोठा कोश उघडा. प्युनिक : १. कार्थेजसंबंधी. २. विश्वासघातकी, दगाबाज. 'प्युनिक फेथ' म्हणजे अजिबात भरवसा ठेवू नये असा शब्द. म्हणजे 'प्युनिक' माणसाने वचन दिलं तर ते मोडणारच असं गृहीत धरायचं. एका अख्ख्या लोकसमूहाचं नाव, आणि कोशात त्याच्या पुढे अर्थ लिहिलाय 'दगाबाज'. सॅलस्टसारख्या रोमन लेखकाच्या लिखाणात हा शब्दप्रयोग अगदी सहज येतो. लिव्ही तर हॅनिबालबद्दल लिहिताना त्याची दगाबाजी नेहमीच्या प्युनिक दर्जाच्याही वरची होती, असं ठरवूनच टाकतो. गंमत म्हणजे हा लिव्ही जन्मला तेव्हा कार्थेज जळून ऐंशीहून अधिक वर्षं झाली होती.

आता दगा कोणी कोणाला दिला ते तारखांसकट बघू.

रोम आणि कार्थेज यांच्यात तीन युद्धं झाली. पहिलं इ.स.पू. २६४ ते २४१. कार्थेज हरलं, तह झाला, दंड ठरला. त्यानंतर कार्थेजचेच भाडोत्री सैनिक पगारासाठी उठले आणि ते शहर त्या भांडणात अडकलं. ही संधी साधून रोमने इ.स.पू. २३८ च्या सुमारास सार्डिनिया बेट घशात घातलं, आणि वर १२०० टॅलेंटचा जादा दंड मागितला. तहात हे कुठंच नव्हतं. पॉलिबियस हा इतिहासकार रोमचा चाहता, रोमन सरदारांच्या घरात वावरलेला. त्यालाही या प्रकाराचं समर्थन करता आलं नाही.

दुसरं युद्ध इ.स.पू. २१८ ते २०१. हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा हॅनिबाल तो याच युद्धातला. शेवटी कार्थेज पुन्हा हरलं, पन्नास वर्षांत फेडायचा दंड पत्करला आणि तो फेडलासुद्धा.

आणि मग तिसरं. इ.स.पू. १४९ मध्ये रोमने सांगितलं, तुमच्या मोठ्या घरांतली ३०० मुलं ओलीस द्या, म्हणजे तुमचं स्वातंत्र्य राहील. दिली. मग सांगितलं, सगळी हत्यारं द्या. प्राचीन इतिहासकारांच्या आकड्यांनुसार दोन लाख माणसांची हत्यारं-चिलखतं आणि दोन हजार दगडफेकी यंत्रं त्यांनी गाडीत घालून पोचवली. आणि हात रिकामे झाल्यावर तिसरी अट आली : आता शहर सोडा, आणि समुद्रापासून निदान पंधरा किलोमीटर आत जाऊन राहा. शहर आम्ही पाडणार आहोत. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे मरायलाच सांगणं. ते लोक मग तीन वर्षं नव्याने हत्यारं बनवून लढले. इ.स.पू. १४६ मध्ये शहर पडलं, जाळलं गेलं आणि उरलेली पन्नासेक हजार माणसं गुलाम म्हणून विकली गेली.

तर आता सांगा, वचन मोडण्याला विशेषण कोणाच्या नावाचं हवं होतं?

कार्थेजची माणसं सगळी साधुसंत होती असं माझं म्हणणं नाही. युद्धात त्यांनीही फसवाफसवी केली असणार, सगळेच करतात. पण त्यांची बाजू सांगणारी एकही बखर उरली नाही. शहर पडल्यावर तिथली ग्रंथसंपदा रोमने आफ्रिकेतल्या आपल्या दोस्त राजांना वाटून टाकली. फक्त एक पुस्तक राखून ठेवलं, मागो नावाच्या लेखकाचं शेतीवरचं. २८ भागांचं. त्याचं लॅटिन भाषांतर करायचा ठराव खुद्द रोमन सिनेटने केला. बाग कशी लावायची हे त्यांच्याकडून शिकायचं होतं, पण त्यांचं म्हणणं काय होतं यात कोणाला रस नव्हता. म्हणून आज आपण 'प्युनिक' लोकांबद्दल जे काही वाचतो, ते जवळजवळ सगळं त्यांच्या शत्रूच्या दप्तरातून.

इथे मला 'गनिमी' आठवतो.

गनीम हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ शत्रू, लुटारू. अरबीत 'गनीमत' म्हणजे लुटीचा माल. मोगलांच्या कागदपत्रांत हा शब्द मराठ्यांसाठी सर्रास वापरलाय, नाव न घेता नुसतं 'गनीम'. म्हणजे 'गनिमी कावा' याचा शब्दशः अर्थ काय, तर शत्रूची, लुटारूची चाल. आणि आज हाच शब्द शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ताठ मानेने उभा आहे! मॅनेजमेंटच्या सेमिनारमध्ये टाय लावलेली माणसं 'गनिमी कावा' म्हणतात आणि समोरचे टाळ्या वाजवतात. समोरासमोर न लढता डोंगरात ओढून मारणं याला दिल्लीच्या दरबारात दगा म्हणत असतील. आम्ही तेच विशेषण उचललं आणि पागोट्यात तुऱ्यासारखं खोचलं.

हे कसं जमलं? शब्द बदलला नाही, अर्थही फारसा बदलला नाही. आपण शिल्लक राहिलो, एवढंच. उत्तर द्यायला तोंड होतं, लिहायला बखरकार होते, पुढे छापखाने आले. हीच गोष्ट 'पुणेरी'ची. दुसऱ्या गावची माणसं हा शब्द खवचट, कंजूष, दुपारी दार न उघडणारा अशा अर्थाने वापरतात. पुणेकरांनी त्याच्या पाट्या करून लावल्या आणि आता त्याच पाट्यांवर स्वतःच हसतात. कार्थेजला ही सोय मिळाली नाही.

अगदीच नाही असंही नाही म्हणा. एक माणूस आहे. संत ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेत जन्मलेला, ख्रिस्ती धर्मातला फार मोठा विचारवंत. पाचव्या शतकात जुलियन नावाच्या इटलीतल्या बिशपशी त्याचा वाद जुंपला, आणि जुलियनने मुद्दे सोडून त्याला 'प्युनिक' म्हणून हिणवलं. कार्थेज जळून साडेपाचशेहून जास्त वर्षं झाली होती! ऑगस्टीननेही ऐकून घेतलं नाही, तू कुठल्या गावचा याचा फार तोरा मिरवू नकोस, अशा अर्थाचं त्याला सुनावलं. त्याच्या आधी एकाने प्युनिक नावांची टिंगल केली होती, तेव्हाही ऑगस्टीनने त्याला विचारलं की आफ्रिकेत राहून तुला आपल्याच भाषेची लाज का वाटते? पण एकटा माणूस किती पुरणार. शब्दकोशात अर्थ क्रमांक दोन अजून तसाच आहे.

इथपर्यंत आलं की गोष्ट फार सोपी वाटायला लागते. विशेषणं जेत्यांनी बनवलेली, सबब सगळी खोटी. नाही, इतकं सोपं नाही. कारण आपल्यावरचंच आणखी एक विशेषण आहे आणि ते आपल्याला पुस्तकात शिकवत नाहीत.

बंगालमध्ये एक जुनं अंगाईगीत आहे. माझ्या टीममधल्या कोलकात्याच्या मुलीने मला त्याचा अर्थ सांगितला. बाळ झोपलं, वस्ती शांत झाली आणि 'बर्गी' देशात आले, आता सारा कुठून भरायचा, असं काहीसं. बर्गी कोण? तर आपण. बारगीर या शब्दाचं ते बंगाली रूप. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारकडून मिळतं तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर चालून जात होत्या. इंग्रजांनी तर कलकत्त्याच्या भोवती मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला, त्याला 'मराठा डिच' असंच नाव पडलं. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथ कबूल केली तेव्हा हे थांबलं.

ती मुलगी हे सांगताना हसत होती, तिच्या दृष्टीने ती आजीची गोष्ट. पण मला उत्तर सुचेना. कारण हे विशेषण कुठल्या जेत्याने बनवलेलं नाही. ज्यांची भाताची कोठारं जळली, गावं लुटली गेली, त्यांच्या बायकांनी पाळण्याशी बसून बनवलं. आता दुसऱ्या बाजूनेही दगा झालाच. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भास्करपंत कोल्हटकरांना बोलणी करायला तंबूत बोलावलं आणि तिथंच मारलं. म्हणजे 'प्युनिक' म्हणायचंच तर त्या दिवशी नवाबाला म्हणावं लागेल. पण भास्करपंतांवर दगा झाला म्हणून बर्दवानकडच्या शेतकऱ्याची लूट झालीच नाही असं होत नाही. तिथे आपण 'आमची बदनामी थांबवा' म्हणून ओरडणं बरोबर नाही. ऐकून घेणं बरोबर.

म्हणजे विशेषण तपासायचं असेल तर दोन प्रश्न लागतात. एक, हे कोणी बनवलं? मारणाऱ्याने की मार खाणाऱ्याने? आणि दोन, त्याच्यात घडलेली गोष्ट किती आणि भेसळ किती?

भेसळीवरून आमच्या तालुक्याचा धंदा सांगतो. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली हजारो माणसं गलाईच्या व्यवसायात आहेत. सोनाराकडचं जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं, त्याचा टंच काढायचा. मुशीत सोन्याबरोबर चांदी घालतात, सोनं साधारण चौथा हिस्सा राहील अशी. मग तो माल तेजाबात टाकला की चांदी-तांबं विरघळतं आणि खाली सोनं उरतं. दुष्काळाने गाव सोडायला लावलं आणि ही माणसं केरळ, तमिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत सराफ बाजारात एकेका खोलीत भट्टी टाकून बसली. सकाळी तिकडचा सोनार येतो आणि कोण कुठल्या गावच्या माणसाच्या हातात सोनं ठेवून जातो. संध्याकाळी येऊन घेऊन जातो. सगळा धंदा इमानावर.

माझे मामा अशाच एका दक्षिणेतल्या शहरात तीस वर्षं आहेत. तिकडे त्यांना 'सेठ' म्हणतात. हा शब्द तिथे मारवाड्याला, गुजरात्याला आणि आमच्या मामांनाही एकच. मामा सांगतात, कुठल्यातरी बाजारात कुठलातरी 'सेठ' सोनं घेऊन पळाला की दुसऱ्या दिवशी यांच्याकडचं गिऱ्हाईक कमी होतं. पळालेला माणूस कुठला, कोण, यांचा त्याच्याशी संबंध काय, हे कोणी विचारत नाही. चोरीचं सोनं घेतल्याच्या संशयावरून दारात पोलीस येतात तेव्हाही पहिला प्रश्न तोच, तुम्ही बाहेरचे ना? तीस वर्षं रोज संध्याकाळी तोळा-मासा हिशोब चोख दिलेला असतो, तो एका विशेषणासमोर उभा राहत नाही. 'प्युनिक फेथ' म्हणजे काय, ते मामांना कोश न उघडता कळतं.

आणि हेच मामा सुट्टीला विट्याला आले की आपल्याकडं कामाला आलेल्या परप्रांतीय पोरांबद्दल "ही लोकं अशीच" म्हणतात. मी म्हटलं, मामा, तिकडे तुम्हाला पण हेच म्हणतात की. तर म्हणाले, "त्यांचं वेगळं, आपलं वेगळं." असो. मामा आहेत, जास्त बोलता येत नाही.

पण आपण हिंजवडीत, खराडीत, एसीत बसून काय वेगळं करतो? अख्ख्या दक्षिणेला 'मद्रासी'. एखाद्या टीमचं काम उशिरा आलं की "ते अमुक सिटीवाले ना, मग काय." भाषेत थोडा रांगडेपणा दिसला की "सांगली-साताऱ्याकडचा का रे तू?" हे मी स्वतः पुष्कळ ऐकलंय, आणि ते प्रेमाने विचारलंय की मोजमाप घ्यायला, हे आवाजावरून बरोबर कळतं. मग रात्री परदेशातल्या क्लायंटच्या कॉलवर कोणीतरी 'टिपिकल ऑफशोर क्वालिटी' म्हणतं तेव्हा आपण म्यूट करून चिडतो. तिथे चिडायचा हक्क आहे, नक्कीच आहे. पण मग तोच हक्क त्या 'अमुक सिटीवाल्यां'ना पण द्यायला लागतो.

मंडळी, आपल्या धंद्यात याला एक साधा नियम आहे. टेस्टरने बग टाकला आणि त्यात फक्त लिहिलं की 'मॉड्यूल बेकार आहे', तर आपण तो तिकीट परत पाठवतो. कुठल्या स्क्रीनवर, काय दाबल्यावर, काय झालं, काय व्हायला हवं होतं, हे लिही म्हणतो. तितकं लिहिल्याशिवाय दुरुस्तच करता येत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र 'मॉड्यूल बेकार आहे' यावर आपण वर्षानुवर्षं काम चालवतो. रोमने तर त्या एका ओळीवर दोन हजार वर्षं काढली.

नियम इथेही लागू करून बघा. "ही लोकं अशीच" असं तोंडात आलं की त्या जागी पूर्ण वाक्य म्हणायचं. कोणी, कधी, काय केलं. 'त्या टीमने मागच्या दोन रिलीजला टेस्ट न करता कोड दिला.' बस. यात राग पुरेपूर आहे, तक्रार आहे, पुरावा आहे आणि समोरच्याला उत्तर द्यायला जागाही आहे. बर्गीची तक्रार या परीक्षेत पास होते, कारण तिथे वाक्य पूर्ण करता येतं : अमुक साली, अमुक फौजेने, आमचं गाव लुटलं. प्युनिक फेथ नापास होतं, कारण वाक्य पूर्ण करायला गेलात की कर्त्याच्या जागी रोमच येऊन बसतो.

१९८५ मध्ये रोम आणि कार्थेज या दोन शहरांच्या महापौरांनी एका तहावर सह्या केल्या. तिसरं युद्ध कागदोपत्री कधी संपलंच नव्हतं, ते संपवलं, २१०० हून जास्त वर्षांनी. छान वाटतं वाचायला, फोटोपुरतं. शब्दकोशातला अर्थ मात्र त्या तहात कोणी घातला नाही. तो काढायला महापौर लागत नाहीत, बोलणारी माणसं लागतात, आणि ती आपणच आहोत.

चला, सोमवार आला. सकाळच्या मीटिंगमध्ये कोणीतरी कोणाला तरी 'टिपिकल' म्हणणारच आहे. तेव्हा शांतपणे विचारून बघा, नक्की काय झालं? आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा.